निघायच्या दिवशी

अजून येतात दारावर. काळी नखं, काळे ओठ.
परवा एक थेट लाइपझिगहून आला, पावसात भिजून,
काजळ पार कॉलरपर्यंत ओघळलेलं.
हात धुऊन मागे लागतात माझ्या:
नेव्हिल थर्स्कची बहीण ना तुम्ही?
मग सांगा, त्या गाण्यात तो नक्की काय धुतो?

रक्त, म्हणतात काही. पाप, म्हणतात शिकलेले.
एकीनं तर अख्खा प्रबंध लिहिलाय,
गिरण्या बंद पडल्या त्या काळच्या इंग्लंडवर.
मी चहा टाकते. साखर किती, विचारते.

सात मिनिटांचं गाणं. बेसचा एकच सूर
तळाशी घुटमळत राहतो.
त्र्याऐंशीच्या जानेवारीत, मासळीच्या रिकाम्या गोदामात केलेलं.
ड्रमर पळून गेला, म्हणून यंत्र लावलं:
टक्. टक्. टक्.
शवपेटीचे खिळे, असं छापलं होतं कुठल्याशा मासिकानं.
नेव्हिल त्यावर ओरडतही नाही. नुसता बोलतो, खर्जात,
मी धुतलं. मी धुतलं. आणि पाणी आलं.

आमचं घर हल शहरात, हेसल रोडच्या एका गल्लीत,
जिथे दर घरातला एक माणूस समुद्रावर.
बाबा बोटीवर निघाले की त्या दिवशी
घरात कपडा म्हणून भिजवायचा नाही.
धुतला, तर माणूस धुऊन जातो.
हसू नका. मांजर आडवं गेलं की तुम्हीही थांबता.

एकाहत्तरचा फेब्रुवारी. पहाटे तीनला टॅक्सी आली,
बाबा पिशवी टाकून बसले, मागे न बघता.
मी सहा वर्षांची. बाहुलीच्या झग्यावर जॅम सांडलेला.
परसातल्या नळाखाली दोन मिनिटं,
बस्स, तेवढंच.
मग दोरीवर, दोन चिमटे लावून,
वीतभर झगा, थंडीनं कडक झालेला.

सोळाव्या दिवशी, आइसलंडच्याही वर, 'रोझमंड' गेली.
दोरखंडांवर बर्फ चढतो तिथे, डोलकाठीवर, कठड्यांवर.
माणसं रात्रभर कुऱ्हाडींनी फोडत राहतात.
हात मागे पडले
की बोट कूस बदलते.
टक्. टक्.
आमच्यापैकी कुणी ऐकलं नव्हतं ते.
नेव्हिलनं मात्र यंत्राचा खटका फिरवत फिरवत लावलं,
नाही, अजून हळू,
दमलीत आता ती.

आईनं विचारलं, त्या दिवशी दोरीवर काय होतं?
शेजारच्या मिसेस ब्रॉकलबँकनी पाहिलं होतं म्हणे,
काहीतरी इवलंसं, पांढरं.
मी तोंड उघडायच्या आत
नऊ वर्षांचा नेव्हिल म्हणाला,
मी धुतलं. रुमाल होता माझा.

तिनं मारलं नाही. मारलं असतं तर बरं.
तिनं त्याला पाण्यात पाहिलं, मरेपर्यंत,
आणि आमच्या घरात पाणी म्हणजे काय
ते तुम्हाला आता ठाऊक आहे.
मी धुतल्या तांदळासारखी.
माझ्या पावाला लोणी, दोन्ही बाजूंनी.

एकदाच गेले ऐकायला, ब्रॅडफर्डला, शेवटच्या रांगेत.
धुरात तो, काळा चष्मा लावून, बारीक.
चारशे पोरं एका दमात म्हणत होती, मी धुतलं, मी धुतलं.
माझेही ओठ हलले.
आवाज फुटला नाही.

आता तो बेव्हर्लीत फरशा विकतो, न्हाणीघराच्या.
रविवारी फोन करतो. गुडघे, हवा, मांजराचं औषध.
दर खेपेला वाटतं, आज बोलू.
मग तो विचारतो, जेवलीस का?

लाइपझिगच्या पोराला मी यातलं काही सांगितलं नाही.
रक्त असेल, म्हटलं, बहुतेक.
तो खूश झाला. वहीत लिहून घेतलं त्यानं.
मग ओशाळून म्हणाला, शर्ट खराब झालाय,
जरा धुऊन मिळेल का?
संध्याकाळची बोट आहे माझी, रॉटरडॅमची.

नको, म्हटलं.
तसाच घाल.